जीमखालचा नुक्ता

दस्तगीर, तू जाऊन पंधरा दिवस झाले आणि माझा तुझ्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही. लोक येतात, माझ्याजवळ बसतात, तीस वर्षांची जोडी तुटली म्हणतात. मी मान हलवतो. मनात म्हणतो, तुटली कसली, भांडण अर्ध्यावर टाकून पळाला तो. तू नेहमी हेच केलंस. वाद रंगात आला की तुझी नमाजची वेळ व्हायची, आणि परत आलास की "कुठं होतो बे आपण?" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचास. आता परत येणार नाहीस, तर माझं सगळं ऐकून घे. मधे तोंड घालू नकोस.

आपण पाट्या रंगवणारी माणसं. तू अरबी-उर्दू लिहायचास, मी मराठी लिहायचो, आणि दोघांच्याही अक्षरांमागचा रंग माझ्याकडे होता. मी त्याला बॅकग्राउंड म्हणायचो, तू जमीन म्हणायचास. मी घरात तेलुगू बोलणारा, तू दखनी बोलणारा, आणि भांडायचो मात्र मराठीत. निम्म्या सोलापूरला वाटायचं की आपण एकमेकांचे वैरी आहोत. वैरी परवडला असता. वैऱ्याला निदान माझा चहा बिनसाखरेचा लागतो हे माहीत नसतं.

तुझ्या हट्टापुढे मी किती वेळा हात टेकले ते मोजत बसलो तर आजचा दिवस जाईल. गिऱ्हाईक म्हणायचं, हिरव्यावर सोनेरी करा, झकास दिसतं. मीपण म्हणायचो, हो, झकास दिसतं. तू डब्याचं झाकण लावून टाकायचास. "दिसतं झकास, वाचता येत नाही बे. दुपारी बाराला समोर उभा राहा अन् वाचून दाखव." आपल्या गावचं ऊन तुला माहीत होतं. चकाकत्या रंगावर ते पडलं की पाटी नुसती लकाकते, अक्षरं गुडुप. पण हे गिऱ्हाइकाच्या तोंडावर बोलायचं असतं का? किती कामं तुझ्या या जिभेपायी गेली, आणि मला तुझ्या बाजूनं बोलावं लागायचं. घरी येऊन तुला शिव्या घालायचो ते वेगळं.

तुझ्या घरामागच्या भिंतीवर आपण चार चौकोन केले होते, आठवतंय? रोजची कटकट एकदाची मिटवू म्हणून केले आणि कटकट दुप्पट झाली. एक काळ्यावर पांढरा, एक हिरव्यावर लाल, एक पांढऱ्यावर पिवळा आणि एक तुझा लाडका, सायीच्या रंगावर काळा. चारही चौकोनांत तू वेगवेगळे अरबी शब्द लिहिलेस आणि खाली मी मराठी. भाभी मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांना म्हणालास, तिथूनच वाच. काळ्यावरचं पांढरं वाचताना त्या अडल्या. हे दोन ठिपक्यांचं 'ते' आहे की एका ठिपक्याचं 'नून', विचारायला लागल्या. जवळ जाऊन बघितलं तर तू दोन ठिपके नीट सुटे दिले होतेस, पण काळ्यावर पांढरं फुगतं, आणि लांबून ते दोन्ही चिकटून एकच दिसत होते. हिरव्यावरचं लाल बघून त्या डोळे चोळायला लागल्या, म्हणाल्या, ही अक्षरं हलायलीत. पिवळ्याकडे बघून त्यांनी विचारलं की इथं काही लिहायचंय का अजून. चौथा चौकोन मात्र हातातलं सूप खाली न ठेवता वाचून मोकळ्या झाल्या.

माझं मराठी त्यांनी पिवळं सोडून तिन्ही रंगांत धडाधड वाचलं. मी छाती काढून उभा. तेव्हा तू जे बोललास ते मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं. "तुझ्या मराठीला डोक्यावर काठी हाय रे व्यंकट्या. कुठल्या पण रंगात तिला धरून उभी ऱ्हाते. आमचा अर्धा अर्थ नुक्त्यात, ठिपक्यात. ठिपका गेला की शब्दच दुसरा." आणि नेहमीचं पालुपद जोडलंस, की अलिफ-बे शिकून घे, चार महिन्यांचं काम आहे. मी म्हणालो, मी वाचायला लागलो तर रंग कोण बघणार. मला वाचता येत नव्हतं याची मला लाज नव्हती. उलट माज होता.

आता मोहोळच्या बाजूच्या त्या मदरशाचं बोलू. तूही कधी बोलला नाहीस, मीही नाही. चार वर्षं आपण जगातल्या प्रत्येक रंगावर भांडलो, पण त्या भिंतीचं नाव काढलं नाही.

लहान मुलांसाठी वर्गाची एक अख्खी भिंत रंगवायची होती. सोपे अरबी शब्द, ओळीनं, मोठ्या अक्षरात, मागच्या मुलालाही वाचता येतील असे. मौलानासाब म्हणाले, प्राण्यांची चित्रं नकोत, नुसते शब्द. तू सायीचा रंग आणि काळं अक्षर धरून बसलास. मी म्हणालो, मदरसा आहे, हिरवा पाहिजे. फिकट हिरवी भिंत, त्यावर गडद हिरवी अक्षरं आणि चौफेर गडद हिरवी वेलपत्ती. मौलानासाबना माझं पटलं. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या घरात चोरी केली. तरी लिहिलंस. तीन दिवस शिडीवर उभा राहून, मोतीबिंदू पिकायला आलेल्या डोळ्यांनी, नाक भिंतीला लावून लिहिलंस. ते हात होते म्हणून झालं. एवढं कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी तू दुपारच्या नमाजला गेलास. मी वेलपत्ती संपवत होतो. गडद हिरव्याचे बारीक शिंतोडे भिंतीवर उडाले होते, ते चिंधीनं आणि फिकट रंगाच्या ब्रशनं साफ करत चाललो होतो. एका अक्षराच्या खाली, सगळ्यांपासून सुटा, एक ओघळायला आलेला थेंब दिसला. वेलीचाच रंग. मी चिंधीनं दाबला, राहिलेल्यावर फिकट हिरवा हात मारला, लांब जाऊन बघितलं. भिंत लख्ख. स्वतःवर खूश झालो.

तो डाग नव्हता. जीम या अक्षराखालचा नुक्ता होता.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, सगळ्या गावाबरोबर. पालकांना बोलावलं होतं. बायका पडद्यामागे, पुरुष पुढे सतरंजीवर. एक सात-आठ वर्षांची मुलगी छडी घेऊन भिंतीपाशी उभी राहिली आणि एकेक शब्द वाचायला लागली. खणखणीत आवाज. पाचव्या शब्दावर छडी ठेवली आणि म्हणाली, हमल. पडद्यामागून कोणीतरी खुसकन हसलं. मौलानासाब म्हणाले, नीट बघून वाच. तिनं नीट बघितलं आणि आणखी मोठ्यानं म्हणाली, हमल. मग पडद्यामागे हशा फुटला तो थांबेना. मला काही कळेना, मी बावळटासारखा सगळ्यांकडे बघत होतो. शेजारी बसलेल्या माणसानं कानात सांगितलं, तिथं जमल पाहिजे, म्हणजे उंट. खालचा ठिपका नाही म्हणून 'ज'चा 'ह' झाला, हमल झालं. तुमच्या मराठीत गरोदरपण.

दस्तगीर, तेव्हा मला कळलं. कुठला थेंब, कुठली चिंधी, सगळं एका दमात आठवलं. उठून सांगायला दोन पावलं लागली असती. मौलानासाब तुझ्याकडे वळले. म्हातारा माणूस, पोरांसमोर फजिती झालेली, त्यांचंही चुकलं म्हणत नाही. म्हणाले, दस्तगीरभाई, नजर गेली असेल तर अल्लाचे शब्द लिहायला घेऊ नये माणसानं. तू उठलास, भिंतीपाशी गेलास. चष्मा काढून पुसलास, पुन्हा लावलास. मग त्या अक्षराखाली बोट फिरवलंस, सावकाश, दोनदा. मला वाटलं तू ठिपका शोधायलास. दिसत नाही म्हणून चाचपायलास. मग सगळ्यांकडे वळून म्हणालास, "माझी चूक."

मी बसूनच राहिलो.

तू लगेच ब्रश मागितलास आणि नुक्ता दिलास. ठिपका नेमका बसला. येताना एसटीत शेजारी बसलो. सोलापूर येईपर्यंत तू डाळिंबाच्या भावावर बोलत होतास, सांगोल्याकडे यंदा टँकर कधी लागतील त्यावर बोलत होतास. मी हो, नाही, एवढंच म्हणत होतो. मनात म्हणत होतो, उद्या सांगू. तसे चार वर्षांचे उद्या गेले.

त्यानंतर तुला अरबीचं काम कोणी दिलं नाही. गोष्ट मोहोळहून माढ्यापर्यंत गेली, मोडनिंबच्या चहाच्या टपरीवर मी ती माझ्या कानानं ऐकली. सांगणाऱ्यानं भिंतीवर उंटही घातला होता. मी तिथं उभा होतो, कप हातात. तेव्हाही बोललो नाही. पुढे मीच तुला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेलो, पट्टी काढली तेव्हा शेजारी होतो. तू कॅलेंडरवरची बारीक तिथी वाचून दाखवलीस. मी म्हणालो, आता धर ब्रश. म्हणालास, हात गेला रे. खोटं बोललास. हात गेलेला माणूस नातीच्या वहीवर कव्हर घालून त्यावर असं नाव लिहीत नाही. शाळेतल्या बाईंनी ते काढून जपून ठेवलं, हे तूच मला दहा वेळा सांगितलंस.

मग रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर चहा आणि भांडण. समोरच्या दुकानाच्या फ्लेक्सवर जांभळ्या रंगावर गुलाबी उर्दू असायची, तिला तू शिव्या घालायचास. मी मुद्दाम तिची बाजू घ्यायचो. तू चिडलास की मला बरं वाटायचं. चिडला आहे म्हणजे ठीक आहे, त्याला काही लागलेलं नाही, असा माझा हिशेब. इतका नालायक मी होतो, आणि तू मला चहा पाजत होतास.

आठ दिवसांपूर्वी रियाज आला. तुझा मुलगा तुझ्यासारखाच, दारातून आत येईपर्यंत तीनदा चपला नीट लावतो. चाळिसाव्या दिवसाच्या आत कबरीवर नावाचा दगड बसवायचा आहे. नातेवाईक काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं म्हणत होते, मशीनवर कोरून मिळतात. मला हसू आलं. म्हटलं, तुझा बाप उठून बसेल. तर त्यानं पिशवीतून गुंडाळी काढली. तुझ्या पेटीत सापडली म्हणाला. ट्रेसिंग पेपर. त्यावर तू तुझा दगड स्वतःच लिहून ठेवला होतास. वर कबरीवरची ती नेहमीची अरबी ओळ, खाली तुझं नाव. तारखेची जागा मोकळी. ऑपरेशननंतरचं अक्षर, एक रेघ हललेली नाही.

आणि तळाला, तुझ्या त्या लंगड्या मराठीत, पेन्सिलीनं: "शहाबादी फरशी, पॉलीश नको. अक्षर काळा. नुक्ते दहा, वर सहा, नावात चार. व्यंकट्या, ते डाग नाहीत."

रियाजनं विचारलं, काका, याचा अर्थ काय? मी म्हणालो, काही नाही, धंद्यातलं बोलणं आहे. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि तुला मोठ्यानं शिवी दिली. बायको आतून धावत आली, तेलुगूत विचारायला लागली की काय झालं, कुणावर ओरडताय. काय सांगू तिला?

तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऑइल पेंटचा ठिपका वरून रंग मारला तरी बोटाला लागतो, हे मला तूच शिकवलंस. त्या दिवशी तू नुक्ता शोधत नव्हतास. तुझा नुक्ता माझ्या रंगाखाली बोटाला लागला होता. एकदा खात्री केलीस, दुसऱ्यांदा बोट फिरवलंस तेव्हा ठरवलंस. आणि वळून सगळ्यांदेखत म्हणालास, माझी चूक.

का रे? हे मी आठ दिवस स्वतःशी घोळवतोय. एक कारण सापडतं आणि ते मला आवडत नाही. तू तिथं खरं सांगितलं असतंस तर लोक म्हणाले असते की ज्याला वाचता येत नाही त्याला मदरशाच्या भिंतीला हात का लावू दिला. कुणी पुढं जाऊन म्हणालं असतं, व्यंकटेशनं मुद्दाम पुसला. दिवस कसे आलेत ते तुला दिसत होतं. दर्गा, मशीद, मदरसा, कुठंच मला परत उभं केलं नसतं, आणि गोष्ट तिथं थांबली असती याचीही खात्री नाही. म्हणून तू तुझी नजर पुढं केलीस. पिकलेला मोतीबिंदू आयताच हाताशी होता.

पण मला तर सांगायचं होतंस, हरामखोरा. ओट्यावर दोघंच असायचो. एकदा म्हणायचं, व्यंकट्या, मला कळलंय. मी तुझे पाय धरले असते. नाही तर भांडलो असतो, म्हणालो असतो की तुझंच ऐकून साय आणि काळं केलं असतं तर हिरवा ठिपका मला डाग वाटलाच नसता, म्हणजे तूच भांडून जिंकायला पाहिजे होतंस. काहीतरी झालं असतं. तू मात्र मी कधी बोलतो ते बघत बसलास. चार वर्षं रोज चहा ओतायचास आणि वाट बघायचास. हा मोठेपणा नाही. छळ आहे. आणि शेवटचा शब्द पेन्सिलीनं लिहून पेटीत ठेवून गेलास, की मला उत्तर देता येऊ नये. तुला मी माफ करणार नाही. तू मला केलंस का, तेही मला त्या कागदावरून कळत नाही. दहा वेळा वाचला.

शहाबादी आणली. पॉलीश केली नाही. दगडावर पाणी मारून, वाळवून, दुपारी बारा वाजता अंगणात उभी केली आणि रस्त्यापलीकडून बघितली. उन्हात डोळ्याला त्रास नाही, फरशी मुकाट उभी. मान्य, तुझं बरोबर होतं. हे तुला ऐकायचं होतं ना, घे, ऐक. अक्षरांचे छाप मी कागदावरून उतरवले. वाचता येत नाही, तरी एकेक वळण तुझ्या हाताचं आहे हे कळत होतं. कुठं तू श्वास घेतलास ते सुद्धा कळत होतं.

कोरीव काम झाल्यावर काळा रंग भरायला काल बसलो. रियाज समोर स्टुलावर बसला होता. वरची ओळ झाली. सहा. नावाला आलो. तुझ्या नावात वर दोन, खाली दोन. तीन दिले. चौथा भरला आणि त्याच्या शेजारी ब्रशमधून काळ्याचा बारीक शिंतोडा उडाला. माझी चिंधी सवयीनं हातात आली आणि दगडाकडे गेली. आणि मला ओळखता येईना दस्तगीर. कोरलेला नुक्ता बारीक, शिंतोडाही बारीक, दोन्ही काळे, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. यातलं तुझं कुठलं अन् माझं कुठलं?

हात तसाच धरून मी रियाजला सगळं सांगितलं. मोहोळची भिंत, थेंब, फिकट हिरवा हात, तुझं बोट. म्हणालो, तुझ्या बापाची नजर चुकली नव्हती. तो नुक्ता मी पुसला होता. उद्या मौलानासाबांकडे जाऊन हेच सांगणार आहे, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तो तुझ्यासारखंच खाली बघत बसला. मग उठला, फरशीजवळ आला, वाकून दोन्ही ठिपक्यांवरून अलगद बोट फिरवलं आणि खोल लागला त्यावर बोट ठेवलं.

"हा अब्बांचा," म्हणाला. "काका, चिंधी खाली ठेवा."

मी ठेवली.